काळ्या पुठ्ठ्याची वही

३ फेब्रुवारी

दादा,

काय घडलं ते आधी नोंदवते.

१. रविवारी, १ तारखेला, साडेचारच्या सुमारास तू माझ्याकडे आलास.
२. म्हणालास, सहज आलो. गेल्या सहा वर्षांत तू सहज कधी आलेला नाहीस.
३. मी चहा ठेवायला आत गेले. सात मिनिटं लागली.
४. बाहेर आले तेव्हा तू कपाटापासून दोन हातांवर उभा राहून छताकडे बघत होतास. माझ्या छतावर बघण्यासारखं काही नाही.
५. चहा तू उभ्यानेच प्यालास. खांद्यावरची बॅग शेवटपर्यंत काढली नाहीस.
६. काल संध्याकाळी कपाटाच्या दुसऱ्या खणात एका वहीची जागा रिकामी दिसली. काळा पुठ्ठा, चौकटींचा कागद, कडेला लाल कापडी पट्टी.
७. या दोन दिवसांत माझ्या घरी दुसरं कोणीही आलेलं नाही.

निष्कर्ष तू काढ. तेवढं गणित तुला जमायला हरकत नाही.

तुझी अडचण मामीकडून कळली आहे. संध्याकाळच्या वर्गाचा पेपर, तिसरी आणि शेवटची संधी. तू वही मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच तू मागितली नाहीस. या वर्षात तू बरोबर लावलेला हा एकमेव तर्क असावा.

ती वही तुझ्या कामाची नाही. रजिस्टर पोस्टाने परत पाठव. फोन करू नकोस. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतोस, कागदावर ते जमत नाही.

तुझी आतेबहीण


९ फेब्रुवारी

दशांशबाईंना दादाचा साष्टांग दंडवत!

पकडलंस गं बाई. ‘माझ्या छतावर बघण्यासारखं काही नाही’ हे तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं नि हसून हसून खुर्चीतच बसली. म्हणाली, हिला पोलिसात घ्यायला हवं होतं. हो, नेली मी वही. चोरली म्हण, उचलली म्हण, आता घरात आहे खरी. पेपर २० मार्चला आहे. तो झाला की पोस्टात टाकतो. आईची शपथ.

तू लहानपणापासून अशीच. एका बिस्किटाचे चार वाटे करायला फूटपट्टी घेऊन बसायचीस, म्हणून तर दशांश नाव पडलं. पण बाई, भागाकार तुला शिकवला कोणी? मी! तेव्हा घरात गणित म्हटलं की माझं नाव निघायचं. मग तू विद्यापीठाचा पेपर मारलास आणि आमचं दुकान बंद झालं. आई अजून येईल त्याला सांगते, ‘आमच्या भाचीने पहिल्याच फटक्यात, आणि तेही कावीळ होऊन उठल्यावर!’

ऐक, चेष्टा बाजूला. अठरा वर्षं मी जमीन मोजतोय. काटे, चिखल, कुत्री, भांडणारे भाऊ, सगळं बघितलं. माझ्या मोजणीवर आजवर एक तक्रार नाही. आता वरून हुकूम आलाय की मोजणीप्रमुख राहायचं तर विद्यापीठाचं गणित पास व्हा. तीन संधी. दोन गेल्या. तिसरी गेली की तळघरातला दफ्तरखाना. तिथे एक टेबल, एक पंखा आणि मी मरेपर्यंत जुने नकाशे. खिडकीसुद्धा नाही. मला नाही गं जमणार ते.

पण या वेळी अभ्यास दणदणीत चाललाय. सकाळी ऑफिसच्या आधी दीड तास अभ्यास, वर्गाहून आल्यावर एक तास अभ्यास. चार रंगांची पेनं आणलीत. प्रमेय लाल, सिद्धता निळी, उत्तर हिरवं, काळं बाकीच्याला. तुझं एकेक पान तीनदा उतरवतो, गच्चीवर फेऱ्या मारत पाठ करतो, मग तुझी वहिनी वही धरून बसते नि मी घडाघडा म्हणतो. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ‘म्हणून’च्या जागी ‘यावरून’ म्हटलं तरी अडवते. याला म्हणतात अभ्यास! वर्गातला मास्तर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, फळ्याशीच बोलतो. त्याला काय विचारायचं? आणि तुझ्या वहीत एक खाडाखोड नाही, एक रेघ वाकडी नाही. असा अभ्यास केलेल्या माणसाचीच वही धरावी.

रागावू नकोस. घरातली पोरगी हुशार असून घरच्यांना उपयोग नाही, तर काय लोणचं घालायचंय त्या हुशारीचं?

दादा


१३ फेब्रुवारी

दादा,

तुझ्या पत्रात ‘अभ्यास’ हा शब्द पाच वेळा आला आहे. अभ्यास एकदाही आलेला नाही.

जे आहे त्याला नक्कल म्हणतात. चार रंगांची नक्कल ही एका रंगाच्या नकलेपेक्षा चौपट बरी नसते. वहिनीची मात्र मला कीव येते. जे तिला कळत नाही ते तुला म्हणता येतं का, हे ती तपासते आहे आणि तुलाही ते कळत नाही. एका खोलीत दोन माणसं आणि कळणारं कोणीच नाही.

मामीच्या शब्दाखातर सांगते. तू ऐकणार नाहीस हे गृहीत धरून.

प्रश्न घे, पुस्तक बंद कर, कोरा कागद पुढे ओढ. वीस मिनिटं काहीच सुचलं नाही तर वीस मिनिटं बसून राहा. ती वीस मिनिटं म्हणजेच गणित. बाकी सगळा वेळ म्हणजे शाई. त्यानंतर पुस्तकातली फक्त एक ओळ बघ आणि पुन्हा बंद कर. पूर्ण उत्तर वाचून ‘हां, कळलं’ म्हणणारा माणूस दुसऱ्याला पोहताना बघून अंग पुसणाऱ्यासारखा असतो.

पाठ करायच्या त्या व्याख्या. त्या मात्र शब्दन् शब्द, कारण तिथे एक शब्द हलला की सगळं हलतं. प्रमेय पाठ करू नये, मोडून बघावं. त्यातली एक अट काढून टाक आणि काय कोसळतं ते शोध. काहीच कोसळलं नाही तर तुला प्रमेय कळलेलं नाही. वर्गात शिकवलेलं त्याच दिवशी, न बघता, स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिही. रविवारी सहा दिवसांचा ढीग उपसायला बसू नकोस. मास्तर फळ्याशी बोलतो कारण फळा तरी त्याच्याकडे बघतो. त्याच्याकडे जाताना ‘काहीच कळलं नाही’ घेऊन जाऊ नकोस. ‘चौथ्या ओळीवरून पाचवी कशी आली?’ एवढंच विचार. दहा वर्षांनी लहान माणसाला प्रश्न विचारल्याने उंची कमी होत नाही. आणि आकृत्या काढत बसू नकोस. ज्याला ओळी वाचता येत नाहीत तो चित्रं काढतो.

आमच्या कामाच्या जागी वजनं-मापं तपासायला येतात. एक तपासनीस होता. येईल त्या मापावर ‘ठीक’ लिहायचा. अक्षर सुरेख. अकरा महिन्यांनी लक्षात आलं की ज्या काट्यावर तो तपासत होता तोच जाम झाला होता. आता तो कुठे आहे मला माहीत नाही, पण त्याचं अक्षर अजून सुरेखच असणार.

वही पाठ करण्यासाठी नाही. ती कशी वापरायची ते ठाऊक नसेल तर बंद ठेव. आणि परत पाठव.

तुझी आतेबहीण


२ मार्च

दशांश,

पत्र मिळालं. वहिनीला वाचून दाखवलं नाही. ती तुझ्याबद्दल अजून बरं बोलते, ते तसंच राहू दे.

कोरा कागद पुढे घेऊन वीस मिनिटं बसायचं म्हणे! अगं, तसं बसलेले साहेब मी रोज ऑफिसात बघतो. त्यातला एकही गणिती झाला नाही. हे उपदेश एकट्या जिवाला ठीक. आम्हाला घर आहे, पोरांचे युनिफॉर्म आहेत, टाकीत पाणी चढलं का बघायचंय. तू नाकाने कांदे सोल, आम्ही आपले हाताने सोलतो.

मी तुला खरं सांगू का? तुला वही द्यायची नाही कारण ती दिली की तुझ्यात नि आमच्यात फरक काय राहिला? ‘तुझ्या कामाची नाही’, ‘वापरायची ठाऊक नसेल तर’! एवढा कसला गं तोरा? एकेचाळीस पानं आहेत. एकूण एक पाठ झालीत. झोपेतून उठवून विचार.

आणि मी तुझ्यासारखा नाही. वर्गात आम्ही चौघं एका बाकावर बसतो. मी, एक वायरमन, बँकेतल्या बाई आणि एक जण ज्याला सगळे टकलू म्हणतात, तोही स्वतःला टकलूच म्हणतो. तिघांच्याही नोकऱ्या माझ्यासारख्याच टांगलेल्या. वही हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी तिघांना झेरॉक्स काढून दिली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, तुमच्या बहिणीचे उपकार कसे फेडू? मी म्हटलं, तिला कळवतो. कळवलं.

हो, एक गंमत. परवा एके ठिकाणी तुझी गफलत सापडली. आकृती न काढल्याचा परिणाम. आता बोल, चित्रं कोण काढतो! खाली पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवलंय. घाबरू नकोस, दशांश चुकला म्हणून गावभर सांगणार नाही.

दादा


६ मार्च

दादा,

माझी वही चोरलीस, ती तीन अनोळखी माणसांना वाटलीस आणि आता तिच्यावर पेन्सिल चालवलीस. क्रमाने सगळं केलंस.

‘एके ठिकाणी गफलत सापडली’ असं लिहितोस. एकच?

पान तीन उघड. पेन्सिल घे. प्रत्येक ओळीपुढे थांबून विचार, ‘हे कशावरून?’ उत्तर मिळालं नाही की तिथेच थांब आणि मला ओळीचा नंबर कळव. शहाण्याला शब्दांचा मार पुरतो म्हणतात. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

तुझी आतेबहीण


२१ मार्च

दशांशबाई, तोंड गोड करा!

काल पेपर झाला. सहापैकी पाच प्रश्न, पाच, तुझ्या वहीतले! जसेच्या तसे! पेपर हातात पडला नि मी पाठी वळून टकलूकडे बघितलं, तर तो डोळे मिटून हात जोडून बसलेला. बँकेतल्या बाईंनी पाण्याची बाटली पाडली. वायरमन तर पहिल्या मिनिटाला सुरू, वीज गेल्यासारखा धावत होता.

मी पण डोळे मिटले की तुझं पान दिसायचं. पान तीन, पान नऊ, पान बावीस, पान तेहतीस. सगळं ओळीने उतरत गेलं. तू पान तीन उघड म्हणालीस ना? उघडलं. दोनदा जास्त पाठ केलं. तुला आतून ठाऊक होतं की तोच प्रश्न येणार, आणि सरळ सांगायला तोंड झिजलं असतं! जाऊ दे. मनातून तू चांगली आहेस, हे मी वहिनीला सांगितलंय.

पाचवा प्रश्न तुझ्या गफलतीचा होता, तो मी माझ्या पद्धतीने लिहिला. सहावा सोडला. त्याची गरजच नाही.

बाहेर आल्यावर चौघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. बाईंना नाही, त्यांनी हात मिळवला. साहेबांना मी सांगून टाकलं की तळघरातलं टेबल दुसऱ्या कोणाला तरी द्या.

वही निकालानंतर पाठवतो. नशिबाची आहे, तोवर घरात असू दे.

दादा


२२ एप्रिल

निकाल लागला. मला शंभरपैकी पंधरा. वायरमनला शून्य. बाईंना शून्य. टकलूला शून्य.

निकालाबरोबर पत्र आलं. चौघांना. तोंडी चौकशी होईपर्यंत पक्का निकाल रोखून ठेवला आहे. मी विभागात गेलो. विभागप्रमुख बाई आहेत, वयस्कर, आवाज न चढवता बोलणाऱ्या. त्यांनी चार उत्तरपत्रिका टेबलावर शेजारी-शेजारी मांडल्या. म्हणाल्या, ‘चार माणसं चुकू शकतात. पण चार माणसं एकाच ओळीत, एकाच शब्दाने चुकत नाहीत. तुम्ही हे कुठून घेतलंत? परीक्षेच्या खोलीत काय आणलं होतंत?’ मी म्हटलं, बाई, डोक्यात आणलं होतं. त्या म्हणाल्या, ‘डोकं असतं तर हे आलं नसतं.’ अगदी तुझ्यासारखंच बोलल्या.

११ मेला, सोमवारी, समितीपुढे जायचंय. कॉपी ठरली तर पाच वर्षं परीक्षा बंद आणि ऑफिसला लेखी कळवणार. मग तळघरसुद्धा मिळणार नाही. नाही ठरली तर हा पेपर रद्द धरून जुलैत एकदा बसायला देतील, असं क्लार्क म्हणाला. बँकेतल्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. टकलू बोलतो, पण त्यापेक्षा न बोलला तर बरं.

वहिनीने काल विचारलं, ‘मी जे तपासत होते ते सगळं चुकीचं होतं का?’

वही आजच रजिस्टरने पाठवली आहे. एकच विचारतो. ती वही काय होती? आणि तुला माहीत असताना तू मला हे करू दिलंस का?

दादा


२६ एप्रिल

दादा,

पत्र आणि वही काल मिळाली. तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच क्रमाने देते.

ती चुकांची वही आहे. त्या अभ्यासक्रमात मी जे जे चुकले ते सगळं तिच्यात आहे. प्रत्येक चुकलेली सिद्धता मी स्वच्छ अक्षरात, खाडाखोड न करता, पुन्हा लिहून काढायचे, चूक न दुरुस्त करता. खूणसुद्धा करत नसे. खूण केली की डोळा आधी खुणेवर जातो आणि माणसाला वाटतं, चूक आपल्याला दिसली. महिन्याने ते पान कोरं समजून वाचायचं आणि खोटी ओळ स्वतः शोधायची. कुठल्या पानावर कुठली ओळ खोटी, ते वेगळ्या कागदांवर लिहून एका पाकिटात ठेवलेलं आहे. पाकीट त्याच कपाटात, तिसऱ्या खणात होतं. तू दुसऱ्या खणावर थांबलास. चोरीसुद्धा तू अर्धीच केलीस.

पान तीनवर दोन मॅट्रिक्सचा गुणाकार शून्य आला म्हणून त्यातली एक शून्य असलीच पाहिजे, असं सातव्या ओळीत म्हटलं आहे. साध्या संख्यांत ते खरं असतं, इथे नसतं. पान नऊवर अनंत बेरजेतली पदं लहान लहान होत शून्याकडे जातात म्हणून बेरीज मर्यादित आहे, असं म्हटलं आहे. तेही खोटं. तुमचे पाच प्रश्न वहीतून आले यात नशिबाचा भाग नाही. परीक्षक तेच विचारतात ज्यात माणसं चुकतात आणि माणसं वर्षानुवर्षं तिथेच चुकतात. म्हणजे संबंध विद्यापीठात नापास होण्याची याहून खात्रीची वही नव्हती आणि तू ती एकेचाळीस पानं अर्थाला कुठेही हात न लावता तोंडपाठ केलीस. आमच्या त्या तपासनिसाने निदान एका जाम काट्यावर भरवसा ठेवला होता. तू तर काटाच बघितला नाहीस.

आता दुसरा प्रश्न. हो, मला माहीत होतं. ‘या वहीतली प्रत्येक सिद्धता चुकीची आहे.’ सहा शब्द. ते मी ३ फेब्रुवारीला लिहू शकले असते, १३ ला लिहू शकले असते, ६ मार्चला तर लिहायलाच हवे होते. लिहिले नाहीत. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं, मला वाटलं की पेन्सिल घेऊन वाचणाऱ्या कोणालाही पहिल्या दहा मिनिटांत कळेल आणि ज्याला कळणार नाही त्याला सांगून उपयोग नाही. हे कारण मी आजवर स्वतःला देत होते.

दुसरं, चुकांची वही म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, एवढ्या चुका कधी केल्यास? मी त्या पेपरात पहिल्या वेळी नापास झाले होते. शंभरपैकी तेवीस. तेव्हा मीही तुझ्यासारखीच पाठ करत होते, फक्त एका रंगाच्या पेनाने. कावीळ कधी झालीच नव्हती. दोन महिने मी खोलीत बसून हे सगळं पुन्हा लिहून काढत होते आणि घरी कळवलं होतं की डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय. मामीने माझ्यासाठी जे काही कडू पाठवलं होतं ते मी खिडकीतल्या झाडाला घातलं. झाड मेलं. आठ वर्षं मामी येईल त्याला ‘पहिल्याच फटक्यात’ सांगते आणि मी ऐकते. तू वही नेलीस तेव्हा मला तुझ्या नोकरीची काळजी वाटली नाही. तू ती नीट वाचशील याची वाटली. तू नीट वाचली नाहीस आणि मला बरं वाटलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण आमच्या कामाच्या जागी चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारून सही करतात, म्हणजे खालचं वाचता येतं.

आता पान सतरा.

वही उघडली तेव्हा तुझी पेन्सिल कुठे आहे ते मी रागाने शोधत होते. पान सतरावर फुलपाखराच्या दोन पंखांसारखी, मधोमध स्वतःलाच छेदणारी एक वक्र रेषा आहे. तिच्या कडेने फिरत आतलं क्षेत्रफळ काढायचं. माझं उत्तर शून्य आलं आहे. ते चूक आहे, एवढं मला माहीत होतं. पण पाकिटात सतराव्या कागदावर फक्त एवढंच लिहिलेलं आहे, ‘खोटी ओळ सापडली नाही.’ एकेचाळीसपैकी हा एकच कागद तसा आहे. मी तो दर वर्षी एकदा काढते. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळं बरोबर आहे. मग परत ठेवते.

तू खाली लिहिलं आहेस, ‘जमीन शून्य नसते. डाव्या पंखाला फिरताना जमीन डाव्या हाताला. छेद ओलांडला की उजव्या हाताला. एक अधिक, एक उणे, म्हणून फिटतं. दोन शेतं समज, वेगळी मोज, मग बेरीज घे.’ शेजारी आकृती, तिच्यावर बाण आणि काठी घेऊन हद्दीवरून चालणारा एक माणूस.

माझ्या ओळींत खोटी ओळ नव्हतीच. चूक पहिल्या ओळीच्या आधी होती. मी आकृती काढली नव्हती. तुला १३ फेब्रुवारीला काय लिहिलं ते मला आठवतं आहे. ते वाक्य मी मागे घेते. त्या पत्रातलं दुसरं काहीही मागे घेत नाही.

तुला मिळालेले पंधरा गुण कुठून आले, हे तू विचारलंही नाहीस. प्रश्नाला पंधरा गुण, प्रश्न सहा, उरलेले दहा वर्गातल्या चाचण्यांचे. ते तुला का मिळाले नाहीत ते मी विचारत नाही. म्हणजे चार प्रश्नांत तू माझ्या चुका उतरवल्यास, सहावा सोडलास आणि जो एकच स्वतःच्या डोक्याने लिहिलास त्यात पैकीच्या पैकी मिळवलेस. बाकी तिघांना तिथे शून्य आहे, कारण त्यांच्या झेरॉक्सवर तुझी पेन्सिल नाही. विभागप्रमुख बाईंनी चार उत्तरपत्रिका मांडल्या, पण त्यातल्या सारख्या जागाच बघितल्या. फरकाची जागा बघितली नाही. ती मी दाखवणार आहे. शिवाय पाठ करणं मूर्खपणा आहे, गुन्हा नाही. चौघांच्याही बाबतीत मी हे समितीला लेखी द्यायला तयार आहे.

११ मेला मी येईन. टेबलावर तीन गोष्टी ठेवीन. वही, पाकीट आणि माझी पहिली गुणपत्रिका, तेवीसची. वही माझी आहे आणि ती काय आहे हे त्याशिवाय सिद्ध होत नाही. मामीला मी त्याआधी स्वतः सांगेन. तू आधी जाऊन बोलू नकोस. वहिनीला मात्र आजच सांग की तिने चोख काम केलं. तिने जे तपासायला घेतलं त्यात एक शब्दसुद्धा इकडचा तिकडे झाला नव्हता.

मला तुझ्याकडून दोन गोष्टी लेखी हव्यात. वही आता माझ्याकडे आहे, त्यामुळे तुला उतरवायला काही नाही.

पहिली, झेरॉक्स कोणत्या तारखेला काढलीस आणि पेन्सिल कोणत्या तारखेला लावलीस. अंदाजे नको. दुकानाची पावती किंवा तुझी ऑफिसची डायरी बघून.

दुसरी, पान सतरावर जमीन हाताची बाजू बदलते हे तुला कसं दिसलं. कुठल्या मोजणीत, कुठल्या हद्दीवर, आधी काय चुकत होतं. सभ्य भाषेत लिहायची गरज नाही, तू बोलतोस तसं लिही. समिती तुला हेच विचारेल आणि तिथे वहिनी वही धरून बसलेली नसेल. एकदा लिहून झालं की कागद उलटा कर आणि न बघता पुन्हा लिही. दोन्ही कागद पाठव. दोन्हींत शब्द सारखे आले तर तिसऱ्यांदा लिही.

ही दुसरी गोष्ट समितीसाठी आहे. समिती नसती तरी मी ती मागितली असती.

रजिस्टर पोस्टाला तीन दिवस लागतात. तुझं उत्तर सोमवारी, ४ मेपर्यंत, माझ्या हातात पडावं.

तुझी आतेबहीण